बाकी एक तास चोवीस मिनिटं

सरसकटकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ठसठशीत रंगवलेलं होतं, पण ती पाटी वाचायची तसदी गल्लीत कुणी घेत नसे. 'सरसकटांकडे टाकून या' म्हटलं की नवखा माणूससुद्धा विचारत विचारत बरोबर तिथे पोचायचा. शिंप्याचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे, जिन्याखालच्या जागेत कसंबसं कोंबलेलं ते दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. फळ्यांवर कॅसेटींच्या चळती, आणि टेबलावर एक जुना अवजड कॅसेट डेक. त्याच्या तोंडावर दोन काटे होते. आवाज आला की काटे उठायचे, आवाज थांबला की पडायचे. काकांचं निम्मं आयुष्य त्या काट्यांकडे बघण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं लोकांना एकच गोष्ट समजावण्यात.

तरुणपणी ते एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होते. पुढे कॅसेटींच्या प्रती काढून द्यायचं हे दुकान टाकलं. मग कॅसेटच मेली. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. काकांनी संगणक आणला, पुस्तकं वाचली, चुकतमाकत शिकले, आणि लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या कॅसेटी फाईलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर द्यायला लागले. कुणाच्या आजोबांचं भाषण, कुणाच्या मुलीची शाळेतली कविता, कुणा हौशी गायकाने मित्रांच्या आग्रहावरून (की नाइलाजावरून) भरलेली दोन तासांची मैफल. काका सगळं मन लावून ऐकत. बेसूर माणसाचंसुद्धा.

फाईल करायची म्हणजे आवाज दाबून लहान करायचा. मग प्रत्येक सेकंदाला किती जागा द्यायची हे ठरवावं लागतं. त्या मापाला बिटरेट म्हणतात. ते ठरवायच्या दोन रीती. एक, स्थिर. गाणं असो, बोलणं असो, नुसती शांतता असो, प्रत्येक सेकंदाला मोजून तेवढीच जागा. दुसरी, बदलती. आवाज गच्च भरलेला असेल तिथे सढळ हाताने, आणि कुणी गप्प बसलं असेल तिथे चिमूटभर. पहिल्या रीतीला काका 'सरसकट' म्हणत. गिऱ्हाइकाने विचारो न विचारो, पावती फाडताना म्हणायचेच, "सरसकट करून देतो हां." तेच नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

शेजारच्या शिंप्याला हे कधी पटलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो गळ्यात टेप अडकवून दारात येऊन उभा राहायचा.

"मला एक सांगा, मी बारक्या माणसाला आणि ढेरपोट्या माणसाला एकाच मापाचा सदरा शिवला तर लोक मला मारतील की नाही?"

"मारतील."

"मग तुम्ही शांततेला आणि गाण्याला एकच माप कसं लावता? गप्प बसलेल्या माणसाला कशाला हवंय एवढं कापड?"

"तुमचा सदरा ज्याचा त्याने घालायचा," काका म्हणायचे. "माझी फाईल कुणाच्याही डबड्यात वाजली पाहिजे."

आणि ते खरं होतं. चांगल्या महागड्या यंत्रांना बदलती फाईल नीट कळते. पण काकांच्या गिऱ्हाइकांकडे असायची ती स्वस्तातली छोटी यंत्रं. ती फाईल मोजत नाहीत, अंदाज करतात. पहिल्या क्षणाला किती जागा मिळाली आहे ते बघायचं आणि सगळी फाईल तशीच असणार असं धरून चालायचं. सरसकट फाईलमध्ये हा हिशेब चोख बसतो, कारण सगळे क्षण सारखेच. बदलत्या फाईलच्या सुरुवातीला मात्र शांतता असली, तर यंत्राला वाटतं की पुढेही सगळं असंच चिमटीचिमटीने भरलेलं आहे, म्हणजे ही फाईल केवढी तरी लांब असणार. वीस मिनिटांच्या भाषणाला ते बेधडक सव्वा तास सांगून मोकळं होतं. काकांना तर प्रत्येक फाईलच्या आधी दोन-चार सेकंद कोरी शांतता सोडायची सवय होती. कान बसायला वेळ द्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सरसकटशिवाय त्यांच्याकडे गत्यंतरच नव्हतं. हे सगळं त्यांना पाठ होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याचा त्यांना इतका त्रास झाला. अडाण्याची चूक अडाणीपणावर ढकलता येते, जाणत्याची कशावर ढकलायची?

काकांची बायको लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, थोरली बहीण, आक्का. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत एकटी राहायची. दुकान उघडण्याआधी काका रोज सकाळी तिच्याकडे चहाला जात. आक्काची नजर जवळजवळ गेली होती. समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. जीभ मात्र शाबूत होती आणि तिची धार म्हातारपणी उलट वाढली होती.

"आलास? चपला कडेला काढ. काल तुझ्या चपलांनी मला स्वर्ग दाखवला असता."

"आक्का, तुझी तिथे एवढ्यात सोय होत नाही."

"का? तिथेही सरसकट आहे वाटतं?"

आक्काला एकच मुलगा होता. शाळा सुटली की मामाच्या दुकानात, जेवायला आईकडे, असा तो वाढला. मोठा झाल्यावर बापाच्या जागेवर चिकटायचं सोडून, लांब कुठे मोठमोठे पूल बांधायचं काम निघालं होतं तिकडे जायचं म्हणाला. बाप नुकताच गेलेला. आक्काने आकांडतांडव केलं. तो गेला तो गेलाच. वर्षाच्या आत कामावर अपघात झाला. त्याची ट्रंक आली, त्याच्या खोलीतल्या सोबत्याने पाठवलेली. तेव्हापासून त्या घरात त्याचा विषय निघत नसे. काकाही काढत नसत. त्यांना वाटायचं, आक्काची जखम आहे, आपण कशाला हात लावा. त्यांची स्वतःचीही होती, पण मामाच्या दुःखाला कोण विचारतो.

एके दिवशी सकाळी आक्काने चहाच्या कपाऐवजी एक कॅसेट पुढे केली.

"ही त्याच्या ट्रंकेत होती."

काकांनी ती हातात घेतली. नव्वद मिनिटांची, साधी. वर काही लिहिलेलं नव्हतं.

"इतकी वर्षं झाली, आणि मला आज सांगतेस?"

"आज सांगतेय तर ऐक." आक्का ओट्याला टेकून उभी होती. "तो निघाला तेव्हा दारात मी त्याला काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हटलं, आजपासून तू मला मेलास."

काकांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"आणि मेला की रे तो. मी म्हटलं आणि मेला." तिने पदराने ओटा पुसला. "ट्रंक आली त्याच दिवशी मी ही लावली होती. पहिलंच वाक्य, 'आई, तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही.' मी झटकन बंद केली. पुढचं ऐकायची छाती झाली नाही. वाटायचं, ऐकेन कधीतरी. आता डोळे गेले, कान कधी जातील काय सांगावं? त्याने मला काय उत्तर दिलंय ते कळल्याशिवाय मला मरायचं नाहीये. शिव्या घातल्या असतील तर शिव्या ऐकेन."

"मी आजच करून देतो. तुझ्या बोलक्या यंत्रावर घालून देतो."

"पण तू ऐकायचं नाहीस. त्याचं माझ्याशी बोलणं आहे ते. आधी मी ऐकणार. शब्द दे."

काकांनी शब्द दिला.

न ऐकता कॅसेट उतरवायची म्हणजे डोळे बांधून दाढी करण्यातला प्रकार. काकांनी स्पीकरची वायर काढून ठेवली, हेडफोन खुंटीला अडकवला आणि काट्यांसमोर बसले. काटे आधी नुसते थरथरले. मग एकदम उठले. भाचा बोलायला लागला होता. तो बोलतोय हे दिसत होतं, काय बोलतोय ते कळत नव्हतं. काटे मधेच खाली बसत, म्हणजे तो थांबला असणार. मग पुन्हा उठत. एकदा भर्रकन उजवीकडे गेले, तेव्हा काकांना वाटलं हसला असेल. हात वायरीकडे गेला होता. पण शब्द म्हणजे शब्द. त्यांनी हात मांडीखाली घेतला. मग काटे पडले आणि पुन्हा उठले नाहीत. तरी काकांनी ती बाजू शेवटपर्यंत जाऊ दिली. उलटून दुसरीही लावली. दुसऱ्या बाजूला काटा हललासुद्धा नाही. सगळं मिळून एकवीस मिनिटांचं बोलणं होतं.

आता तेवढ्याचीच फाईल करायची. आणि इथे काका अडले. कुठल्या कॅसेटला किती माप द्यायचं हे ते कानाने ठरवत. आवाज कसा आहे, किती घासलाय, किती खोल आहे, ते ऐकून. इथे कानालाच बंदी. सगळ्यात मोठं माप द्यावं, तर तेवढी जड फाईल आक्काचं यंत्र पेलत नसे, अडखळायचं. लहान द्यावं, तर भाच्याच्या आवाजातलं काहीतरी गाळलं जाईल, आणि ते काय होतं हेसुद्धा आपल्याला कळणार नाही. हा विचार त्यांना सहन होईना. मग वाटलं, आपण न ऐकता ठरवण्यापेक्षा संगणकालाच ऐकू दे. जिथे पोरगा बोललाय तिथे तो भरभरून जागा देईल, जिथे थांबलाय तिथे आवरेल. त्या एका पोरासाठी काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सरसकट सोडलं. सवयीने सुरुवातीला चार सेकंद कोरी शांतता जोडली आणि फाईल बदलत्या मापाने केली. स्वस्तातली यंत्रं, त्यांचे अंदाज, गल्लीभर सांगितलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. डोक्यात फक्त तो उठणारा आणि बसणारा काटा होता.

आक्काचं यंत्र काकांनीच तिला घेऊन दिलेलं. मोठी मोठी बटणं, आणि एक बटण दाबलं की आतली बाई किती वेळ बाकी आहे ते बोलून सांगायची. काकांनी फाईल घालून यंत्र तिच्या हातात दिलं.

"किती आहे रे?" आक्काने विचारलं.

एकवीस मिनिटं, हे शब्द काकांच्या ओठावर आले होते. पण इतक्या वर्षांच्या धास्तीपुढे एकवीस मिनिटं कसं म्हणायचं?

"यंत्र सांगेल की," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. त्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे तिथे थांबायचं नव्हतंच. ते जिना उतरून गेल्यावर आक्काने बटण दाबलं आणि यंत्रातली बाई म्हणाली, बाकी एक तास चोवीस मिनिटं.

पुढचे काही आठवडे आक्का बदलली. काका गेले की चहाबरोबर बिस्किट मिळायला लागलं. चपलांवरून बोलणी खावी लागेनात. एकदा तर ती ओट्याशी गुणगुणत होती. काकांनी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "खूप बोललाय रे. मला वाटलं दोन शब्दांत तोडून टाकलं असेल. पुरवून पुरवून ऐकतेय. रोज थोडंसंच. आहे पुष्कळ."

एकवीस मिनिटं हिला पुष्कळ वाटतायत, ते समाधानाने मनात म्हणाले. त्यांनी तिला तेव्हा नुसतं 'किती उरलंय' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण माणूस खूश असताना आपण हिशेब विचारत नाही.

मग एके दिवशी काका गेले तर चहा नव्हता. आक्का खाटेवर बसली होती, यंत्र मांडीवर.

"उरलेलं दे," ती म्हणाली.

"काय उरलेलं?"

"तो म्हणतो, 'आई, त्या दिवशी दारात तू जे बोललीस ना, त्याबद्दल मला... थांब, कुणीतरी दार वाजवतंय. आलोच.' आणि बंद. आणि ही बाई सांगत होती, बाकी एक तास तीन मिनिटं. मी वाट बघत बसले. मग म्हणते, समाप्त. कुठे गेला तो तास?"

एका क्षणात त्यांना सगळं समजलं. चार सेकंदांची कोरी शांतता. बदलतं माप. यंत्राचा अंदाज. ते तिच्यासमोर खाली बसले आणि सांगू लागले. आयुष्यभर हजारो लोकांना सांगितलेली गोष्ट, पण अशी वाईट कधीच सांगितली नसेल.

"म्हणजे यंत्र खोटं बोललं?"

"खोटं नाही, आक्का. त्याने अंदाज केला. सुरुवातीला गप्प होतं, त्यावरून त्याने पुढचं सगळं मोजलं. माझी चूक आहे. मी सरसकट करायला हवं होतं."

"तू जगाला सरसकट करून देतोस आणि माझ्याच पोराचं नेमकं नाही केलंस?" आक्काचा आवाज चढला. "तू ऐकलंस. पुढे वाईट काहीतरी होतं, ते तू कापलंस. लहानपणापासून असाच आहेस. मला लागू नये म्हणून लपवून ठेवायचास. आईचं दुखणंसुद्धा लपवलं होतंस."

हे काकांच्या जिव्हारी लागलं. शब्द पाळला म्हणून तर ही वेळ आली होती. एकदा कान लावला असता तर कानाने माप ठरवलं असतं, आणि एकवीस मिनिटं एकवीसच राहिली असती. पण हे तिला सांगून काय उपयोग? ते उठले आणि तिच्यापुढे हात धरला.

"चल दुकानात. कॅसेटच लावतो. कॅसेटला अंदाज करता येत नाही."

तिला हाताला धरून त्यांनी दोन गल्ल्या चालवत आणलं, एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. दाराला 'बंद'ची पाटी लावली. स्पीकरची वायर जोडली. बटण दाबण्याआधी विचारलं, "मी बाहेर थांबू?"

"नको. बस. आता तूही ऐक."

आणि इतक्या वर्षांनी तो त्या दुकानात बोलायला लागला.

"आई, तू जे बोललीस ते मी विसरलेलो नाही." मग थोडं खाकरणं. "हे यंत्र मी उसनं आणलंय, नीट भरतंय की नाही कोण जाणे. असो. इकडे थंडी भयंकर आहे..." मग तो थंडीचं सांगत गेला. खोलीत चौघे आहेत, त्यातला एक इतका घोरतो की बाकीच्यांनी पाळ्या लावल्यात, रोज एकाने त्याला कुशीवर वळवायचं. स्टोव्ह एकच आहे. भात एकदा करपला, तर तोच सगळ्यांनी खाल्ला आणि वर म्हणाले, छान झालाय. बूट चावतात. पूल अजून अर्धा आहे, टोकाला उभं राहिलं की खाली नदी एवढीशी दिसते. "मामाला सांग, त्याने जोडून दिलेला रेडिओ अजून चालतो. नुसता चालत नाही, वरच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात." इथे तो हसला. काटे उजवीकडे गेले. काकांचा अंदाज बरोबर होता. त्या दिवशी हसलाच होता तो. काकांनी चष्मा काढून ठेवला, कारण त्यातून काही दिसेनासं झालं होतं.

शिंपी दाराशी आला. काचेतून आत बघितलं, खुर्चीतली आक्का बघितली, काकांचा चेहरा बघितला. एरवी त्या गृहस्थाला तोंड मिटून बसणं जमत नसे, पण तो मुकाट्याने परत गेला आणि त्याने आपलं शिवणयंत्र थांबवलं. भिंतीपलीकडची खडखड बंद झाली.

"आई, त्या दिवशी दारात तू जे बोललीस ना, त्याबद्दल मला... थांब, कुणीतरी दार वाजवतंय. आलोच."

खट्. आणि मग नुसती फितीची खरखर.

काकांचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," आक्का म्हणाली. "जाऊ दे पुढे."

"पुढे काही नाहीये, आक्का."

"जाऊ दे म्हणते ना."

त्यांनी ती बाजू पूर्ण जाऊ दिली. पळवायचं का विचारलं, तर आक्काने मान हलवली. फीत आपल्या चालीने जात राहिली. आक्का स्पीकरकडे कान करून बसली होती, माणूस जिन्यावर पावलं वाजतायत का ते ऐकतो तशी. बाजू संपली. काकांनी उलटून दुसरी लावली. तीसुद्धा पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या दोघांनी ऐकली. काटे खाली पडलेले ते उठले नाहीत.

"नाहीये," शेवटी आक्का म्हणाली.

"नाहीये गं."

"जागा होती ना पुढे? एवढी फीत कोरी होती. मग परत येऊन बोलला का नाही?"

काकांनी डेक बंद केला. कामावर बोलावणं आलं असेल. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणाला असेल. तरुण माणसाला उद्या असतोच.

"रागावलेला माणूस बूट चावतात म्हणून सांगतो का रे?" आक्काने विचारलं.

"नाही सांगत."

"भात करपल्याचं?"

"नाही गं आक्का."

"पण म्हणाला मात्र नाही," ती म्हणाली. ती रडली नाही. काका रडले, अगदी लहान मुलासारखे हुंदके देऊन, आणि तिने चाचपत त्यांचं डोकं शोधून त्यावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी काकांनी फाईल पुन्हा केली. आता ऐकलं होतं, माप कानाला माहीत होतं. सरसकट, चोख. जुनी चुकलेली फाईल पुसून टाकली, संगणकातूनही आणि यंत्रातूनही, जशी काही ती पुसली की झालेलं पुसलं जाणार होतं. यंत्राचं बटण दाबून खात्री केली. बाकी एकवीस मिनिटं. यंत्र आक्काला नेऊन दिलं. तिने घेतलं, उशाशी ठेवलं.

चार-आठ दिवस गेले. एका सकाळी चहा देता देता तिने यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे नको मला. आधीचं दे."

"आधीचं चुकलेलं होतं ना गं. हे बरोबर आहे. मी दोनदा तपासलंय."

"बरोबर आहे, मला कळतंय. मी काही वेडी नाही झालेले." आक्काने कप खाली ठेवला. "पण ह्यात तो 'आलोच' म्हणतो, आणि बटण दाबलं की ही बाई म्हणते, शून्य मिनिटं. त्या आधीच्यात तो 'आलोच' म्हणायचा, आणि ती म्हणायची, बाकी एक तास तीन मिनिटं. मला ते दे."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला ते दिसत नव्हतं, पण बहुधा कळत होतं.

"अगं, पण मी ती पुसून टाकली."

"मग पुन्हा कर. चूक करता येत नाही की काय तुला?"

त्या दिवशी गिऱ्हाईक दारात असताना काकांनी त्याला दुपारी या म्हणून सांगितलं. भाच्याचं बोलणं काढलं. सुरुवातीला कोरी शांतता जोडली. माप निवडायच्या जागी आले आणि हात थांबला. उभ्या आयुष्यात जाणूनबुजून वाईट काम केलं नव्हतं. मग त्यांनी बदलतं माप निवडलं. फाईल झाल्यावर यंत्रात घालून पाहिली. एक तास चोवीस. बरोबर चुकली होती.

ते यंत्र घेऊन पुन्हा दोन गल्ल्या चालत गेले. आक्काने यंत्र घेतलं, काकांना बसायला सांगितलं, आणि आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर ते लावलं. दोघांनी थंडीचं ऐकलं, घोरणाऱ्याचं ऐकलं, करपलेल्या भाताचं, बुटांचं, रेडिओचं. मग तो म्हणाला, "थांब, कुणीतरी दार वाजवतंय. आलोच." आक्काने चटकन यंत्र थांबवलं, समाप्त म्हणायच्या आत, आणि बाकी सांगणारं बटण दाबलं.

"बाकी एक तास तीन मिनिटं," यंत्रातली बाई म्हणाली.

"बरं, ये सावकाश," आक्का म्हणाली.